कागद आपल्या कानांनी ऐकू या

मैत्रिणींनो, भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर हात चालू ठेवा, कान मात्र इकडे द्या. आणि घरातला मोबाइल जवळ असेल तर तोही घेऊन बसा. आजचं बोलणं त्याच्याशीच आहे.

आमच्या गटात एक मावशी आहेत. शेळ्या पाळतात, आठवडी बाजारात हिशोबाला कुणाला हार जात नाहीत. सही करतात, पण छापील ओळी वाचायच्या म्हटलं की अडखळतात. तिसरीत शाळा सुटली, मग पुस्तक हातात आलंच नाही. मागे त्यांनी एका खासगी कंपनीकडून चाळीस हजारांचं कर्ज घेतलं. कंपनीचं नाव मी घेत नाही. कागद आले तेव्हा मावशींनी पुतण्याला हाक मारली, "बाळा, जरा वाच बरं." पुतण्याने कागद चाळले. रक्कम सांगितली, हप्ता किती ते सांगितलं, कोणत्या वारी भरायचा ते सांगितलं. म्हणाला, "काकू, सगळं बरोबर आहे, कर सही." मावशींनी सही केली.

खात्यात पैसे आले ते ३८,०४८ रुपये. मावशींना वाटलं, बँकेने कापले असतील. महिनाभराने मी त्यांचा कागद पाहिला. त्यात लिहिलं होतं: विम्याचे १,४८० रुपये, प्रक्रिया शुल्क ४०० रुपये, त्यावर जीएसटी ७२ रुपये. एकूण १,९५२ रुपये आधीच कापलेले, आणि व्याज मात्र पूर्ण चाळीस हजारांवर. सगळं कागदावर होतं. कुणी लपवलं नव्हतं. पुतण्यानेही फसवलं नव्हतं. त्याला जे महत्त्वाचं वाटलं तेवढं त्याने वाचलं, बाकीच्यावरून नजर फिरवली.

बायांनो, इथेच माझं मन अडकलं. दुसऱ्याने वाचून दाखवलं की काय ऐकायचं आणि काय सोडायचं हे तोच ठरवतो. नवरा असो, मुलगा असो, गटाची सचिव असो. मी स्वतः सचिव आहे. खरं सांगते, घाईच्या दिवशी मीही बैठकीत पत्रातल्या दोन ओळी वाचून "बाकी नेहमीचंच आहे" असं म्हटलेलं आहे.

मोबाइलमधला वाचणारा आवाज हे करत नाही. त्याला घाई नसते, कंटाळा नसतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि दहा वेळा लावला तरी "किती वेळा विचारतेस" म्हणत नाही. म्हणून आज सांगणार आहे की हा आवाज आपल्या फोनवर कसा आणायचा, आणि इतक्या ॲपमधून आपल्या कामाचं कसं ओळखायचं.

पहिली गोष्ट. लगेच बाजारात धावू नका, आधी घरात बघा. आपल्यापैकी बहुतेकींच्या अँड्रॉइड फोनमध्ये बोलणारा आवाज आधीच असतो. तो गूगलचा असतो आणि त्यात मराठीही आहे. फक्त तो चालू करून घ्यावा लागतो. फोनच्या सेटिंगमध्ये जा. तिथे ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग शोधा. त्यात 'टेक्स्ट टू स्पीच' असं काहीसं लिहिलेलं असेल. फोनच्या कंपनीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे होते, म्हणून सापडत नसेल तर सेटिंगच्या वर जो शोधायचा भिंगाचा खूण असलेला चौकोन असतो, त्यात 'स्पीच' एवढंच टाका. तिथे भाषा मराठी निवडा, आणि मराठी आवाज डाउनलोड करून घ्या. हे काम चांगली रेंज असेल तिथे, किंवा वायफाय असेल तिथे करा. एकदा उतरवून घेतला की तो आवाज नेट नसतानाही बोलतो.

त्याच जागी वेग कमीजास्त करायची पट्टी असते. ती थोडी हळू ठेवा. आपल्याला बातम्या ऐकायच्या नाहीत, आकडे ऐकायचे आहेत.

आता हा आवाज बोलणार कधी? त्यासाठी ॲक्सेसिबिलिटीमध्येच 'सिलेक्ट टू स्पीक' नावाची सोय आहे. ती चालू केली की पडद्यावर एक छोटं बटण येतं. व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज आला, ते बटण दाबायचं, मग मेसेजवर बोट ठेवायचं. फोन वाचायला लागतो. आणि एक छान गोष्ट, जो शब्द वाचतो तो शब्द पडद्यावर रंगतो. ज्या मैत्रिणींना अक्षरओळख आहे पण वाचनाचा सराव सुटलाय, त्यांनी त्या रंगलेल्या शब्दावर नजर ठेवून ऐकावं. कान आणि डोळे एकत्र चालले की विसरलेलं अक्षर हळूहळू परत येतं.

एक सूचना. तिथेच 'टॉकबॅक' नावाची दुसरी सोय दिसेल. ती ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यासाठी फार मोलाची आहे. पण ती चालू झाली की फोन वापरायची रीतच बदलते, एकदा दाबायच्या जागी दोनदा दाबावं लागतं. आमच्या एका वहिनींनी चुकून ती चालू केली आणि दोन दिवस फोन बिघडला म्हणून बाजूला ठेवून दिला. घाबरू नका. बहुतेक फोनमध्ये आवाज वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोन्ही बटणं एकदम काही क्षण दाबून धरली की ती बंद होते.

दुसरी गोष्ट, कागद. मेसेज ठीक आहे, पण हातातला छापील कागद फोन कसा वाचणार? त्यासाठी 'गूगल लेन्स' आहे. गूगलच्या शोधायच्या पट्टीत कॅमेऱ्याचं चित्र दिसतं, तेच ते. कागदाचा फोटो काढायचा, त्यातली अक्षरं निवडायची आणि ऐकायचं बटण दाबायचं. याला नेट लागतं. फोटो काढताना कागद जमिनीवर सपाट ठेवा, उंबऱ्याजवळ उजेडात बसा, आपली सावली कागदावर पडू देऊ नका. घडीची रेघ अक्षरावर आली तर ते अक्षर चुकतं. हाताने लिहिलेलं मात्र यातून नीट वाचून होत नाही. आपलं इतिवृत्ताचं रजिस्टर अजून आपल्यालाच वाचावं लागणार.

तिसरी गोष्ट, लांबलचक पीडीएफ. योजनेची माहितीपुस्तिका, प्रशिक्षणाची टिपणं असं पंधरावीस पानांचं काही असेल, तर 'ॲट व्हॉइस अलाउड रीडर' सारखी ॲप आहेत. पीडीएफ, वर्डची फाइल, वेबपान, सगळं वाचून दाखवतात, आणि मधे थांबवलं तर तिथूनच पुढे सुरू करतात. फुकट आहे, जाहिराती दिसतात एवढंच. पण इथे एक मर्म लक्षात ठेवा. अशा पुष्कळ ॲपना स्वतःचा आवाज नसतोच. ती फोनमध्ये असलेलाच आवाज वापरतात. म्हणजे फोनमधला मराठी आवाज तुम्ही आधी नीट बसवला असेल तर ॲपही नीट बोलेल. आणि कुणी सांगितलं की मराठी आवाजासाठी महिन्याला इतके पैसे भरा, तर आधी विचारा, हा तर माझ्या फोनमध्ये फुकट आहे, मग तुमच्यात वेगळं काय?

जुना, कमी जागेचा फोन असेल तर 'ईस्पीक' नावाचा एक फुकट आवाज मिळतो. जागा फार कमी घेतो, नेट लागत नाही, मराठी वाचतो. पण बोलणं यंत्रासारखं कोरडं. सवय होईपर्यंत कानाला खटकतो.

आता निवडायचं कसं? आपण बाजारात मडकं घेतो तेव्हा काय करतो? टिचकी मारून बघतो. तशाच चार टिचक्या ॲपला मारायच्या.

पहिली टिचकी भाषेची. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, म्हणून पुष्कळदा हिंदीचा आवाज मराठी कागद वाचायला बसतो आणि आपल्याला वाटतं ॲपच वाईट आहे. हे ओळखायला एक वाक्य मेसेजमध्ये लिहून ऐका: "बाळूच्या मळ्यात ४९ केळी लावल्या, चहाला २५ रुपये लागले." मराठी आवाज असेल तर एकोणपन्नास म्हणेल, पंचवीस म्हणेल. उनचास आणि पच्चीस ऐकू आलं तर समजा, आवाज हिंदीचा आहे. परत सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करा. बाळू, मळा, केळी यातला ळ कसा येतो तेही ऐका.

दुसरी टिचकी आकड्यांची. हीच सगळ्यात महत्त्वाची, कारण आपलं नुकसान आकड्यातच होतं. ज्याचा आकडा तुम्हाला पाठ आहे असा कागद घ्या. विजेचं बिल घ्या, नाहीतर आपल्याच गटाचं बँकेचं पत्र. बारा हजार पाचशेला फोन काय म्हणतो? स्वल्पविराम आला की काही आवाज "बारा, पाचशे" असे तुकडे करतात. फोटोतला बिंदू पुसट असेल तर दोन पूर्णांक पाचचं पंचवीस होऊ शकतं. सातबारा, गट नंबर, तालुक्याचा 'ता.' आणि जिल्ह्याचा 'जि.' इथेही आवाज अडखळतो. तक्ता असेल तर फार जपून. डावीकडची नावं एकदम आणि उजवीकडचे आकडे एकदम वाचले तर कशाचे किती हे कळणारच नाही. तिथे तक्त्याच्या एकेका ओळीचा वेगळा फोटो काढा. आणि नियमच करून टाका: शब्द कानाने, आकडा कानाने आणि डोळ्यानेही. आकडे तर आपल्या प्रत्येकीला ओळखता येतात. एसटीचा नंबर वाचतो, नोटा मोजतो, मग कागदावरचा आकडा का नाही?

तिसरी टिचकी नेटची. आपल्याकडे वीज गेली की टॉवरही जातो. फोन विमानाच्या चित्राच्या बटणावर टाका, म्हणजे नेट बंद, आणि मग मेसेज वाचून घ्या. आवाज आला तर तो तुमचा, कुठेही चालेल. नाही आला तर आवाज अजून उतरलेला नाही.

चौथी टिचकी ॲप काय मागतं याची. वाचून दाखवणाऱ्या ॲपला तुमचे फोन नंबर कशाला हवेत? तुमचे मेसेज कशाला हवेत? ठिकाण कशाला? असं मागितलं तर नाही म्हणा, आणि नाही म्हटल्यावर चालत नसेल तर काढून टाका. 'तीन दिवस फुकट' म्हणून यूपीआयचा पिन टाकायला लावत असेल तर थांबा. तीन दिवसांनी दर महिन्याला पैसे आपोआप कापायची ती परवानगी असू शकते.

आणि आता जरा कान टवकारून ऐका. ॲक्सेसिबिलिटी हा फोनचा मोठा दरवाजा आहे. ज्या ॲपला ही परवानगी दिली, ते तुमच्या पडद्यावरचं सगळं बघू शकतं, तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. गूगलचं 'सिलेक्ट टू स्पीक' फोनच्या सेटिंगमधूनच चालू होतं, ते वेगळं. पण व्हॉट्सॲपवर कुणी फाइल पाठवली, "हे वाचणारं ॲप घ्या, शासनाचं आहे" म्हणून, तर ते घेऊ नका. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच. ओटीपी, पिन, एटीएमचा नंबर हे मोठ्याने वाचून घ्यायच्या गोष्टीच नाहीत. आधार आणि पासबुकाच्या फोटोंचंही तसंच. फोटो नेटवरून बाहेर जातो हे ध्यानात ठेवा, आणि ज्या कागदाची गरज आहे त्याच कागदाचा, तेवढ्याच भागाचा फोटो काढा. चुकून फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

आणखी एक अडचण सांगते, कारण ती आली की बायका हात टेकतात. काही पीडीएफ उघडल्या तर डोळ्याला स्वच्छ मराठी दिसतं, पण फोन वाचायला लागला की भलतंच काहीतरी बडबडतो. फोन बिघडलेला नसतो. तो कागद श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. आपल्याला दिसतो 'क', पण फोनच्या पोटात तिथे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल तरच फोनला कळतं. यावर आपला उपाय असा, की त्या पानाचा स्क्रीनशॉट काढायचा आणि तो लेन्समध्ये उघडायचा. लेन्स चित्रातलं अक्षर बघून वाचतं, त्यामुळे त्याला चालतं. आणि ग्रामसंघातून, पंचायतीतून, कार्यालयातून असे कागद येत असतील तर तिथे सांगा, "दादा, युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, आमच्या बायकांचा फोन वाचतो." ही मागणी अवघड नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर ती हक्काचीच आहे.

आता मावशींकडे परत येते. या वर्षी त्यांना पुन्हा कर्जाची गरज पडली. गोठ्याचं पत्र्याचं काम होतं. या वेळी कागद आल्यावर मावशी म्हणाल्या, "आज सही नाही, दोन दिवस कागद घरी राहू द्या." रात्री जेवणं झाल्यावर नातीचा इअरफोन कानात घालून बसल्या. इअरफोन का? तर म्हणाल्या, "माझं कर्ज वाडीभर कशाला ऐकवू?" एकदा सगळं ऐकलं. दुसऱ्यांदा आकड्यांच्या जागी थांबवून थांबवून ऐकलं, आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं. विम्याची ओळ आली तिथे पेन्सिलीने फुली मारली.

दोन दिवसांनी साहेब आले. मावशींनी विचारलं, "हा विमा मला नको असेल तर?" साहेब जरा थांबले, मग म्हणाले, "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं हे?" मावशी म्हणाल्या, "कुणी नाही. मी कागद ऐकला."

मैत्रिणींनो, हा प्रश्न विचारायचा हक्क मावशींना होताच. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. कर्जाचा करार आणि लोन कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे. विम्यासारखी दुसरी कुठलीही वस्तू कर्जासोबत द्यायची तर कर्जदाराची पूर्ण संमती हवी, आणि तिचं शुल्क लोन कार्डावर लिहिलेलं हवं. कागद तुमच्या भाषेत असणं हा नियम आहे. पण तो तुमच्या कानापर्यंत पोचवणं आता तुमच्या हातात आहे. विमा घेणं वाईट असं मी म्हणत नाही. घरात कमावणारं एकच माणूस असेल तर विम्याचा आधार मोठा असतो. पण तो काय आहे, किती रुपयांचा आहे, कुणाच्या नावाने आहे, हे ऐकून घ्यावा.

मावशींनी शेवटी स्वतःचा विमा ठेवला आणि नवऱ्याच्या नावचा नको म्हणाल्या, कारण त्यांचा बँकेतून आधीच काढलेला होता. किती पैसे वाचले हे मी सांगत नाही. त्यांनी हिशोब करून ठरवलं, एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. फोन वाचतो, समजावून सांगत नाही. 'घटत्या शिल्लकीवर व्याज' हे शब्द फोन छान वाचेल, पण म्हणजे काय ते सांगणार नाही. तिथे माणूसच लागतो. म्हणून बँक सखीला विचारा, सीआरपी ताईला विचारा, आम्हाला रेडिओवर विचारा. फरक इतकाच, की आधी आपण पूर्ण कागद ऐकलेला असेल, तर आपल्याला नेमकं काय विचारायचं ते माहीत असेल. "सगळं बरोबर आहे ना?" असं विचारण्यात आणि "तिसऱ्या ओळीतले चारशे रुपये कशाचे?" असं विचारण्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करा. बचत जमा झाली, हप्ते झाले, की वीस मिनिटं यासाठी ठेवा. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी मराठी आवाज उतरवून घ्यायचा, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी शेजारणीच्या फोनवर ऐकायचं. केळीचं ते वाक्य सगळ्यांच्या फोनवर वाजवा, उनचास म्हणणारे फोन बाजूला काढा आणि दुरुस्त करा. मग गटाचा एक खरा कागद घ्या, एखादं पत्र किंवा कर्जाचा करार, आणि सगळ्यांनी मिळून शेवटच्या ओळीपर्यंत ऐका. मधे कुणी "हे नेहमीचंच" म्हणालं, मग ती मी असले तरी, तिला गप्प बसवा. इतिवृत्तात लिहून ठेवा, आज अमुक कागद पूर्ण ऐकला.

आणि ज्या मावशी, ज्या आजी, ज्या अक्का आजवर "वाच गं जरा" म्हणून कुणाच्या तरी मागे फिरल्या, त्यांना पुढच्या रांगेत बसवा. फोन त्यांच्या हातात द्या. बटण त्यांनाच दाबू द्या. आपण शेजारी बसायचं.

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर कोणत्या कागदावर फोन अडखळला, कुठे काय चुकीचं वाचलं, ते टिपून ठेवा आणि कळवा. त्यावरच पुढचं बोलू. येते, नमस्कार.